मुरणाऱ्या वाइनचे शास्त्र : प्रस्तावना

नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या द्राक्षबागायतदाराला बोर्दो हे नाव वाइनच्या आधी फवारणीमुळे ठाऊक असते. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेले निळे ‘बोर्डो’ त्याच्या शेडमध्ये असतेच, आणि ओलसर हवेत डाउनी या रोगाने पाने कशी जातात हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. ज्या शहराचे नाव हे मिश्रण मिरवते, त्याच्या उत्तरेला जिरोंद खाडीच्या डाव्या काठाने मेदोक नावाचा चिंचोळा पट्टा पसरलेला आहे. १८८२ साली शरद ऋतूत आलेक्सिस मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तिथल्या सें-जुलिअँ गावाजवळ बागा पाहत हिंडत होते. डाउनी फ्रान्सला नवीनच होता. १८७८ पासून त्याने धुमाकूळ घातला होता. बागांच्या बागा निष्पर्ण झालेल्या, पण रस्त्यालगतच्या ओळी तेवढ्या हिरव्यागार! चौकशी केल्यावर कळले की येणाऱ्याजाणाऱ्याने घड तोडू नयेत म्हणून बागवाल्यांनी त्या ओळींवर मोरचूद-चुना शिंपडला होता. द्राक्षे विषारी दिसावीत, एवढाच हेतू. मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ उलिस गेयों यांना सोबत घेऊन प्रमाणे ठरवली, प्रयोग केले आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढे ठेवले. चोरांसाठी योजलेला उपाय पुढे जगभरच्या बागांना लागू पडला.

गेयों हे लुई पाश्चर यांचे शिष्य. त्यांचे नातू जाँ रिबेरो-गेयों आणि त्यांचे सहकारी एमिल पेनो यांनी विसाव्या शतकात वाइनचे आधुनिक शास्त्र बोर्दोत उभे केले. जाँ यांचे चिरंजीव पास्काल यांनी ते पुढे नेले. गायकीत घराणे चालावे तशी ही परंपरा पाश्चरपासून सलग आलेली आहे. आपला शेतकरी पाठीवरच्या पंपातून जे मारतो आणि लिलावात लाखोंना विकली जाणारी जुनी बाटली, या दोन्हींच्या मागे एकाच प्रयोगशाळेची माणसे आहेत. मराठी वाचकाला या विषयात परके वाटण्याचे कारण नाही ते म्हणूनच.

विषय तसा एका प्रश्नाचा आहे. काही मोजक्या रेड वाइन बाटलीत वीस-तीस, क्वचित पन्नास वर्षे पडून राहिल्या की अधिक गुणी होतात. बाकीच्या होत नाहीत, नुसत्या म्हाताऱ्या होतात. असे का? आणि कोणती कशी निघेल हे आधी सांगता येते का? पुढची प्रकरणे याच प्रश्नाभोवती फिरतात. उदाहरणे मुद्दाम बोर्दोचीच, त्यातही बहुतेक मेदोकची घेतली आहेत. बर्गंडीचे आणि ऱ्होन खोऱ्याचे चाहते यावर नाराज होतील. पण एकाच प्रदेशातल्या इतक्या वर्षांच्या इतक्या बाटल्यांची लिखित नोंद दुसरीकडे सापडणे कठीण, आणि शास्त्राला आधी नोंदी लागतात.

दिंडोरी-निफाडच्या वायनरीत काम करणारी मुले, अन्नतंत्रज्ञानाचे विद्यार्थी, परदेशातल्या नातेवाइकाने आणलेली बाटली कपाटात ठेवून ‘आता हिचे करायचे काय’ म्हणणारे, आणि थेंबही न घेणारे पण रसायनशास्त्राची गोडी असणारे, असे सगळे वाचक डोळ्यांपुढे आहेत. न पिणाऱ्याला यातले नव्वद टक्के समजेल. पिणाऱ्याला बाकीच्या दहा टक्क्यांसाठीही पुस्तकाची गरज पडेलच असे नाही.

जुनी तितकी चांगली, हा समज सुरुवातीलाच बाजूला ठेवू. जगात तयार होणारी बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत पिऊन संपवावी अशीच केलेली असते, आणि ते योग्यच आहे. खुद्द बोर्दोत लाखभर हेक्टरच्या आसपास बागा; त्यातल्या ज्यांची वाइन तीस वर्षे ठेवण्यात अर्थ आहे अशा शातोंचा, म्हणजे स्वतःची बाग असलेल्या वाइन-घरांचा, वाटा अगदी लहान. आणि ज्या मुरतात त्यांच्याबाबतही मुरणे म्हणजे सुधारणे असे सरळ समीकरण मला मान्य नाही. मुरणे हा अदलाबदलीचा व्यवहार आहे. ताज्या काळ्या फळांचा वास जातो, रंग जातो, अंगातला जोर जातो. त्याच्या बदल्यात देवदाराच्या लाकडाचा, तंबाखूच्या पानाचा, कातड्याचा, पावसाळी रानातल्या कुजक्या पाचोळ्याचा वास येतो आणि स्पर्श मऊ होतो. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे ज्याने त्याने ठरवावे. जुनाट बोर्दोची आवड इंग्रजांना अधिक, फ्रेंच लोक ती तरणी असतानाच पितात, असे म्हणण्याची पद्धत आहे. तिच्यात थोडी थट्टा आहे, पण तथ्यही आहे.

आता जमिनीकडे. मेदोकचा पट्टा मूळचा दलदलीचा. सतराव्या शतकात डच लोकांनी चर खणून तिथले पाणी खाडीत सोडले आणि पाण्याखालून गोट्यांचे उंचवटे वर आले. मार्गो, सें-जुलिअँ, पोयाक, सें-एस्तेफ ही नावाजलेली गावे याच गोटाळ उंचवट्यांवर बसलेली आहेत. या मातीत असे आहे तरी काय, असे पिढ्यान्‌पिढ्या विचारले गेले आणि कुणी लोह सांगितले, कुणी खनिजे. जेरार सगें या बोर्दोच्याच संशोधकाने १९६० च्या दशकापासून मेदोकच्या मातीचे खड्डे खणून, मुळे मोजून जे उत्तर दिले ते निराशाजनक वाटावे इतके साधे होते : मातीत काय आहे यापेक्षा माती वेलीला पाणी कसे देते याला महत्त्व. गोट्यांतून पाऊस झरझर निथळतो, मुळे खोल जातात, उन्हाळ्याच्या मध्यावर वेलीला हलका ताण बसतो. ताण बसला की शेंडे वाढायचे थांबतात आणि वेल घडाकडे लक्ष देते. मणी बारीक राहतो. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि वाइनला मुरवणारे जे काही आहे ते बव्हंशी सालीत आणि बियांत असते. बहार धरण्यासाठी डाळिंबाला ताण देणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की मेदोकमध्ये ताण जमीन देते आणि ठिबक लावून हवे तसे पाणी देण्याची तिथे सर्वसाधारणपणे मुभा नसते.

खाडीचाही हातभार आहे. पोयाकच्या दक्षिण टोकाला शातो लातूरची बाग आहे (आपल्या लातूरशी तिचे नावापलीकडे नाते नाही). ती खाडीपासून जेमतेम तीनशे मीटरवर. १९९१ च्या एप्रिलात कडाक्याच्या थंडीने बोर्दोतले कोवळे फुटवे करपले, तेव्हा पाण्याच्या उबेने या काठावरच्या बागा बऱ्याच सावरल्या.

वेली कोणत्या? डाव्या काठाची राणी कॅबर्ने सोव्हिन्याँ. ही कॅबर्ने फ्राँ आणि पांढरी सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या आपोआप झालेल्या संकरातून जन्मली, हे १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात डीएनए तपासून सिद्ध झाले. उजव्या काठाला, पोमरोल आणि सें-एमिलियोंच्या चिकण व चुनखडी मातीत मर्लो अधिक. मुळे मात्र जवळजवळ सगळीकडे अमेरिकन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या तेव्हा अमेरिकन खुंटावर फ्रेंच डोळा बांधणे हाच तरणोपाय उरला. पुन्हा मिलार्दे! त्यांच्या नावाचा १०१-१४ हा खुंट बोर्दोत आजही लावतात. आपल्याकडे डॉगरीजवर कलम करतात ते क्षार आणि पाणीटंचाईच्या भीतीने. कारण वेगळे, युक्ती तीच.

आता प्रत्यक्ष पेल्याकडे येऊ. चांगल्या वर्षाची, चार-पाच वर्षांची पोयाक समोर आहे असे धरा. रंग जवळजवळ अपारदर्शक, कडेला जांभळी झाक. वासात काळ्या करवंदी फळांचा गोडवा (तिथे त्याला कासिस म्हणतात), पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा लाकूड-शिशाचा वास, आणि ज्या पिंपात ती दीड-दोन वर्षे राहिली त्या ओकच्या भाजक्या लाकडाची व्हॅनिलासारखी छटा. वर्ष थंड गेले असेल तर हिरव्या ढोबळी मिरचीचाही वास येईल. तो मेथॉक्सिपायराझिन वर्गातल्या एका संयुगाचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते, आणि घडाला ऊन मिळून द्राक्ष नीट पिकले की ते बरेच घटते. पहिला घोट घेतला की आधी फळ, मग आंबटपणा, आणि मग दोन-तीन सेकंदांनी हिरड्या, गालांचा आतला भाग, जीभ सगळे ओढल्यासारखे होते. हे टॅनिन या तुरट द्रव्याचे काम. ही चव कमी आणि स्पर्श जास्त. आपल्या लाळेत काही प्रथिने तोंड बुळबुळीत ठेवायला असतात. टॅनिन त्यांना पकडून बांधून टाकते आणि वंगण गेल्यासारखे तोंड खरखरते. हिरडा चघळलेल्याला किंवा कच्चे जांभूळ खाल्लेल्याला हा अनुभव नवा नाही. तुरट हा सहा रसांपैकी एक, हे आपण लहानपणीच शिकतो; युरोपी चव-शास्त्रात त्याला धड जागा मिळायला फार काळ लागला.

पेल्यात दडलेली एक गोष्ट जिभेला लगेच कळत नाही. घोट गिळल्यावर तो किती वेळ रेंगाळतो, आणि रेंगाळताना तुरटपणा उरतो की फळ उरते, हे पाहायचे. फळ आधी संपून नुसता कोरडेपणा मागे राहत असेल तर ती वाइन ठेवण्यात फारसा राम नाही. माझ्या लेखी तरुण वाइनची परीक्षा इथे होते.

हीच बाटली पंचवीस वर्षांनी उघडली तर? कडेचा जांभळा जाऊन विटकरी रंग येतो आणि तळाशी गाळ बसतो. रंग देणारी अँथोसायनिन नावाची द्रव्ये मोकळ्या रूपात फार टिकत नाहीत. पहिल्या काही वर्षांतच ती टॅनिनशी, एकमेकांशी आणि किण्वनात तयार झालेल्या लहान रेणूंशी जोडली जातात. जोडलेले रंग अधिक टिकाऊ, पण लालपेक्षा तांबूस. विटकरी छटा येते ती त्यांच्यामुळे. टॅनिनबद्दलची जुनी समजूत अशी की त्याच्या रेणूंच्या साखळ्या लांबत जातात, जड होऊन तळाला बसतात आणि म्हणून वाइन मऊ होते. हे अर्धेच खरे ठरले. वाइन आम्लधर्मी असल्यामुळे साखळ्या जुळतात तशा तुटतातही, हे मोंपेलिएच्या संशोधक व्हेरोनिक शेनिये यांच्या गटाने आणि इतरांनी दाखवले. मऊपणा येतो तो या जोडतोडीतून आणि टॅनिनच्या बदललेल्या स्वरूपातून. नेमका कितीचा वाटा कुणाचा, यावर वाद चालू आहे आणि तिसरे प्रकरण त्या वादातच मुक्काम करते. वासांपैकी डायमिथिल सल्फाइडचे उदाहरण मला फार आवडते. द्राक्षातूनच आलेला एक निर्गंध पदार्थ बाटलीत वर्षानुवर्षे हळूहळू फुटतो आणि त्यातून हा गंधकयुक्त रेणू सुटतो. फार झाला तर उकडलेल्या कोबीसारखा. बेताने असला तर ट्रफल नावाच्या महागड्या भूछत्राचा. म्हणजे म्हातारपणीच्या त्या सुगंधाची ठेव द्राक्ष वेलीवर असतानाच ठेवलेली असते.

मुरण्यात हवेचा वाटा किती, हा प्रश्न पाश्चरनी काढला. तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून त्यांनी वाइनच्या आजारांचा अभ्यास केला आणि १८६६ मध्ये पुस्तक लिहिले. बंद नळ्यांत, काहींत हवा ठेवून आणि काहींत न ठेवता, त्यांनी वाइनमधला बदल पाहिला आणि निष्कर्ष काढला की प्राणवायूनेच वाइन मुरते. पुढे जाँ रिबेरो-गेयों यांनी दाखवले की पिंपात हवा हवी हे खरे, पण बाटलीतले मुरणे मुख्यतः हवेवाचून होते. आजोबांच्या गुरूला नातवाने अशी दुरुस्ती सुचवली. आज आपण म्हणतो की दोघांचेही थोडे बरोबर. २२५ लिटरचे पिंप, म्हणजे तीनशे बाटल्या. पारंपरिक पद्धतीत दर तीन महिन्यांनी वाइन गाळावरून निथळून दुसऱ्या पिंपात घेतात, शेवटी पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. त्यातली प्रथिने राकट टॅनिनला घेऊन तळाला जातात. या सगळ्यात वाइनला हवा मिळते. बाटलीत गेल्यावर बुचातून जी मिळते ती मिलिग्रॅममध्ये मोजावी इतकी, आणि दोन बुचे सारखी नसतात. म्हणून एकाच पेटीतल्या, एकाच तळघरातल्या दोन बाटल्या तीस वर्षांनी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतील पण जुळ्यांसारख्या नाही. जाणकार म्हणतात, ठरावीक वयापुढे चांगली वाइन नसते, चांगली बाटली असते. बुचातली टीसीए ही बुरसट वासाची व्याधी वेगळीच. तिच्यापुढे सर्वांत महागडे शातोही हतबल.

आता भाकिताकडे येतो, कारण या विषयाची खरी गंमत आणि खरी अडचण तिथे आहे.

जुना नियम असा : आज जितकी राकट, उद्या तितकी दीर्घायुषी. त्याला आधार होता. १९६१ साली मे महिन्यातल्या थंडीने फुलोरा झडला, पीक निम्म्याच्या आसपास उतरले, जे मणी राहिले ते उन्हाळ्यात भरघोस पिकले. ती वाइन तरुणपणी कठोर होती आणि पन्नाशी ओलांडूनही तिचा गौरव होत राहिला. १९२८ च्या लातूरला तर मऊ व्हायला जवळजवळ अर्धे शतक लागले म्हणतात. मग आले १९७५. सालीत जाड टॅनिन, पेल्यात कडक तुरटपणा. हे वर्ष नातवंडांसाठी आहे असे सांगत लोकांनी पेट्या भरल्या. वर्षे गेली. अनेक बाटल्यांत टॅनिन तसेच उभे राहिले आणि आतले फळ वाळून गेले. अपवाद निघाले, पण नियमाला तडा गेला तो गेलाच. पुढे सात वर्षांनी १९८२ : ऊनही भरपूर, पीकही भरपूर, वाइन पहिल्या दिवसापासून गोल, मऊ, फळांनी भरलेली. काही नामांकित टीकाकारांनी नाक मुरडले. इतकी लोभस वाइन टिकायची नाही, असे त्यांचे म्हणणे. मेरिलँडमध्ये वकिली करणाऱ्या रॉबर्ट पार्कर या फारशा परिचित नसलेल्या लेखकाने उलटे लिहिले, आणि चाळीस वर्षांनंतरही त्या सालच्या उत्तम बाटल्या त्याच्या बाजूने साक्ष देत आहेत.

यातून काय घ्यायचे? माझ्या मते टॅनिन किती आहे हा प्रश्न दुय्यम. ते पिकलेले आहे का आणि त्याच्या जोडीला पुरेसे फळ आणि आम्ल आहे का, हे आधी विचारावे. साखरेचे पिकणे आणि टॅनिनचे पिकणे एकाच दिवशी होत नाही. द्राक्ष गोड लागते पण बी अजून हिरवी, चावली तर कडवट. बोर्दोत इव्ह ग्लोरी यांनी सालीतले रंग आणि टॅनिन किती सहज सुटतात हे मोजण्याची पद्धत बसवली ती यासाठीच. तरीही सुगीच्या दिवसांत मालक बागेत उभा राहून मणी तोंडात टाकतो, साल दाढेखाली धरतो आणि बी फोडून पाहतो. यंत्राने ही सवय मोडलेली नाही.

भाकिताला बाजाराची जोड आहे हे विसरून चालत नाही. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मेदोकच्या शातोंची पाच पायऱ्यांची यादी केली. आधार एकच : आजवर मिळत आलेला भाव. पहिल्या पायरीवर चार नावे. लाफित, लातूर, मार्गो आणि मेदोकबाहेरचे ओ-ब्रियाँ, ज्याची वाइन लंडनच्या खानावळीत चाखल्याचे सॅम्युएल पीप्स या इंग्रज रोजनिशीकाराने १६६३ सालीच लिहून ठेवले आहे. त्यानंतर या यादीत मोठा बदल एकदाच झाला : १९७३ मध्ये मूटाँ रोथशिल्ड दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर आले. ज्या वाइनला भाव तिची बडदास्त चांगली, बडदास्त चांगली म्हणून भाव. असे चक्र पावणेदोनशे वर्षे फिरते आहे. शिवाय इथली वाइन पिंपात असतानाच, सुगीनंतरच्या वसंतात विकली जाते. म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी ती कशी लागेल याचा अंदाज बांधणारा माणूस सहा-सात महिन्यांचे मूल पाहून बोलत असतो, आणि त्याच्या बोलण्यावर पैसे लागलेले असतात. शातो लातूरने २०१२ मध्ये या पद्धतीतून अंग काढून घेतले. आता ते वाइन आपल्याच तळघरात ठेवतात आणि त्यांना तयार वाटेल तेव्हा बाहेर काढतात. धंद्याचा हिशेब त्यात असेलच. पण संशोधकाच्या दृष्टीने एका ठिकाणी, एका तापमानात राहिलेल्या बाटल्या मिळणे ही पर्वणी.

अशा भाकिताची एक जाहीर परीक्षाही झाली आहे. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे झाकलेल्या बाटल्या ठेवल्या आणि कॅलिफोर्नियाची १९७३ ची स्टॅग्ज लीप १९७० च्या मूटाँच्या पुढे गेली. फ्रेंचांचा बचाव ठरलेला होता : आमची वाइन अजून लहान आहे, तीस वर्षांनी बघा. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, खरोखरच त्याच वाइन लंडन आणि नापा इथे एकाच वेळी पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला. अव्वल आली रिज या वायनरीची १९७१ ची वाइन. यावरून बोर्दो मुरत नाही असे कुणी म्हणू नये, पण मुरणे ही आपलीच मिरास असल्याचा तिथला समज या निकालाने ढिला केला. चाखणाऱ्यांवर किती विसंबावे हाही प्रश्न आहेच. बोर्दोच्या विद्यापीठात ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेल्या द्राक्षरंगाने लाल करून दिली, तर त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या लेखकांत दनी द्युबूर्दिय होते. वाइनच्या वासांवर आयुष्य घालवलेला माणूस. आपल्याच विद्यार्थ्यांच्या नाकाची अशी परीक्षा घेऊन ती छापायला धारिष्ट लागते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रश्नाचा रोख बदलला आहे. पूर्वी बोर्दोला द्राक्ष पिकेल की नाही याची काळजी, आता ते जास्त पिकते याची. एकेकाळी साडेबारा टक्के मद्यार्क असलेल्या वाइन आता चौदाच्या घरात जातात. जास्त पिकलेल्या, कमी आम्लाच्या वाइनमध्ये काही वर्षांतच सुक्या आलुबुखाराचा आणि अंजिराचा वास येऊ लागतो; म्हातारपण वेळेआधी आल्याची ती खूण, आणि त्यामागची संयुगे बोर्दोच्याच संशोधकांनी ओळखून काढली. २०२१ मध्ये बोर्दोच्या साध्या प्रतीच्या वाइनसाठी उष्णता सोसणाऱ्या काही नव्या जातींना, उदाहरणार्थ पोर्तुगालच्या तुरिगा नासियोनालला, मर्यादित प्रमाणात परवानगी मिळाली. त्याच वर्षी अंतराळ स्थानकात चौदा महिने राहून आलेल्या २००० सालच्या पेत्र्यूस या पोमरोलच्या वाइनच्या बाटल्या बोर्दोत उघडल्या गेल्या, आणि काही चाखणाऱ्यांना त्या जमिनीवरच्या जोडीदारांपेक्षा जरा वयस्क वाटल्या. वर्तमानपत्रांना मजेशीर मजकूर मिळाला. शास्त्राला यातून फारसे काही मिळाले असे मला वाटत नाही.

महाराष्ट्रात मुरवायचे म्हटले तर? नाशिकची सुगी जानेवारी ते मार्च. वेलीला हिवाळी झोप मिळत नाही, वर्षातून दोनदा छाटणी करून तिला वळण लावावे लागते. तिथल्या काही रेड वाइन पाच-सात वर्षे बऱ्या राहतात. त्यांचे वय बोर्दोच्या पट्टीने मोजणे दोघांवरही अन्यायाचे. आणलेली बाटली ठेवायची असेल तर मात्र गाठ आपल्या उन्हाळ्याशी आहे. बारा-तेरा अंशांच्या तळघरात जे वीस वर्षांत होते ते पुण्या-मुंबईच्या कपाटात दोन वर्षांत होत नाही. दुसरेच काहीतरी होते. उष्णतेने सगळ्या अभिक्रिया सारख्या वेगाने धावत नाहीत, शिजवट वासाच्या पुढे पळतात. बुचातून वाइन झिरपल्याचा डाग दिसला तर निकाल लागलाच समजा. खास थंड कपाट नसेल तर सरळ फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवावी आणि फार वाट न पाहता, सोबत मटण असेल अशा दिवशी उघडावी.

पहिल्या प्रकरणाआधी एक छोटा प्रयोग करून पाहा. त्याला वाइन लागत नाही. चहाची भुकटी पाण्यात चांगली दहा मिनिटे उकळा, गाळा, कोमट होऊ द्या, साखर नको. एक घोट तोंडात फिरवून थुंका आणि जीभ टाळूवर घासून पाहा. मग उरलेल्या चहात दोन चमचे दूध घालून तेच करा. पहिल्या खेपेला ओढलेले तोंड दुसऱ्या खेपेला बरेच सैल राहील, कारण दुधातल्या केसिनने टॅनिनला तुमच्या लाळेच्या आधीच गाठलेले असते. पहिले प्रकरण लाळेतल्या त्या प्रथिनांपासूनच सुरू होते.